गॅसच्या बॅटरीतलं पाणी

देवमनचे कपडे फार पांढरे असत, माझ्या संशयाची सुरुवात तिथूनच झाली. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात तो रसायनाच्या प्रयोगशाळेत शिपाई होता, तोही हंगामी. एवढ्याशा पगारात रोज असे धुतलेले कपडे कुठून येतात, हा प्रश्न मला पडे. त्याला कधी विचारलं मात्र नाही. विचारलं की संशय फिटतो, आणि मला तो फिटायला नको होता.

देवमन चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातला, सातवी पास. छप्पन साली आईबापाबरोबर नागपूरला जाऊन तो बौद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी आमच्याकडे लागला. सात वर्षं झाली तरी हंगामीच. चौसष्टच्या सप्टेंबरात त्याला कायम करायचं ठरलं होतं. त्याची बायको चतुराबाई नवऱ्याच्या कायमच्या नोकरीवर भरवसा ठेवून पोरीला अमरावतीच्याच शाळेत घालणार होती, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

मी खुशालराव, तिथला डेमॉन्स्ट्रेटर. चांदूर रेल्वेजवळ आमची काळी जमीन. गावी आमच्या घरी देवमनच्या जातीतल्या माणसाला ओंजळीत वरून पाणी ओतत. आपण शिकलेले, आपण तसलं काही मानत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. आणि प्रयोगशाळेत काही कमी भरलं की माझी नजर पहिल्यांदा देवमनकडेच जाई. हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

त्या वर्षी आमचे विभागप्रमुख शेषराव सर कुठल्याशा मासिकात वाचून एका नव्या बॅटरीच्या मागे लागले. काचेच्या सहा भांड्यांत पोटॅशचं कडक द्रावण, एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, आणि मध्ये टॉर्चचा बल्ब पेटायचा. कॉलेजात सगळे तिला गॅसची बॅटरी म्हणत. तिच्या खोड्या दोन. द्रावण आटलं की बल्ब मिणमिणे, आणि द्रावण वाढून पातळ झालं तरी मिणमिणे. ते पाणी सांभाळायचं काम सरांनी देवमनकडे दिलं. मला दिलं नाही, हेही माझ्या मनात होतंच.

एप्रिल-मे महिन्यांत द्रावण रोज खाली जाई आणि देवमन शुद्ध पाण्याचे थेंब मोजून टाकी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. जुलै उजाडला, सर दोन महिन्यांसाठी मुंबईला गेले, आणि एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की भांड्यांमधलं द्रावण सोमवारच्या खुणेपेक्षा बोटभर वर चढलंय. मी घनतामापक बुडवून पाहिला. द्रावण पातळ झालं होतं. अस्सा! पोटॅश काढायचं आणि वरून पाणी घालायचं, दूधवाल्याचीच युक्ती. पोटॅशपासून साबण होतो हे मी जाणत होतो. पांढऱ्या कपड्यांचं कोडं सुटलं.

मग मी पाळत ठेवली. दोनदा मी त्याला द्रावणाची बाटली घेऊन मागच्या व्हरांड्यात जाताना पाहिलं. तिथे सिगडीवर लोखंडी कढई ठेवलेली होती. मला आणखी काय हवं होतं?

त्याला मी एवढंच विचारलं, की द्रावण वाढलं कसं. तो शांतपणे म्हणाला, "म्या पानी टाकलं नाही सर. थे आतच तयार होऊन राहिलं. उन्हायात उडून जाये, आता उडत नाही."

पाणी म्हणे आतच तयार होतं. मला हसू आलं आणि रागही आला. त्याच दिवशी मी प्राचार्यांना अर्ज दिला. पोटॅशची चोरी, पाण्याची भेसळ, सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की सदर इसम बॅटरीत पाणी आपोआप तयार होते अशी निर्लज्ज थाप मारतो. हे वाक्य मला फार आवडलं होतं. अशा इसमास कायम करू नये, हेही जोडलं.

प्राचार्य संस्कृतचे. त्यांनी देवमनला आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं आणि तोवर प्रयोगशाळेत पाय ठेवायला मनाई केली. बॅटरी माझ्या ताब्यात आली. मी नवं द्रावण भरलं, गॅस चालूच ठेवला, खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तास संपले की खोलीला कुलूप लावायचं आणि किल्ली जानव्याला बांधायची. तीन दिवसांनी पाहिलं तर द्रावण चढलेलं. माझ्या मनात पहिला विचार आला, दुसरी किल्ली आहे याच्याकडे. मी कुलूप बदललं आणि दारावर लाखेची मोहोर लावली. मोहोर शाबूत राहिली आणि द्रावण पुन्हा चढलं. आता मी खिडक्यांच्या गजांकडे संशयाने पाहू लागलो.

आठव्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. देवमन दाराशी उभा होता, नेहमीच्याच पांढऱ्या कपड्यांत. जवळून पाहिलं तेव्हा दिसलं, सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली होती. एकच जोड रोज संध्याकाळी धुऊन सकाळी घालायचा, हे मला तेव्हा कळलं.

प्राचार्यांनी खुलासा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मला यातलं काही समजत नाही. तुम्हीच वाचा आणि खरं-खोटं सांगा."

ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "जास्तीचे द्रावण मी बाहेर काढून आटवतो व पोटॅश परत भांड्यात घालतो. गॅसजवळ विस्तव चालत नाही म्हणून कढई व्हरांड्यात ठेवतो. कधी किती काढले ते वहीत लिहिले आहे. पाणी कोठून येते ते मला खुशालराव सरांनी शिकवले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होते, असे ते दर जुलैत फळ्यावर लिहितात. तास झाल्यावर फळा मी पुसतो."

मी ते दोनदा वाचलं. त्याच महिन्यात, याच बॅटरीच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, मी ते समीकरण चाळीस पोरांपुढे लिहून आलो होतो. मान वर करायची मला हिंमत होईना.

"खरं आहे," मी म्हणालो. "अर्ज मी मागे घेतो. थाप माझी होती, असं लिहून देतो."

तसं लिहून दिलं. देवमन सप्टेंबरात कायम झाला आणि पोरगी शाळेत गेली. पण त्या दिवशी आम्ही दोघे प्रयोगशाळेकडे परत चाललो असताना तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सर, म्या तुमाले पयल्याच दिवशी सांगतलं होतं."

सांगितलं होतंच. मी त्याचा शब्द ऐकला आणि तोंड पाहिलं, आणि तोंडावरून शब्दाची किंमत ठरवली. मी मोहोर फोडली आणि दार उघडलं. त्याने भांड्यांमधलं जास्तीचं द्रावण बाटलीत काढलं, आणि व्हरांड्यातली कढई मी घासायला घेतली.