माझ्या हातची कणीक

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होतो. एका दुपारी त्या मशीननं माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी राहिली. हाताला पट्टी होती तोवर लोक भेटायला येत, फळं आणत. पट्टी सुटली आणि लोक यायचे थांबले. बायको टिळकवाडीतल्या शाळेत शिकवते. ती सकाळी स्वयंपाक करून जायची, संध्याकाळी येऊन पुन्हा कणीक मळायला उभी राहायची, आणि मी टीव्हीसमोर बसून असायचो.

फूड प्रोसेसर तिनं घेतला तो स्वतःच्या सोयीसाठी. त्याची मोटार सुरू झाली की मी चपला घालून जिन्यात जाऊन उभा राहायचो. ती बटण फिरवण्याआधी आतून म्हणायची, "लावते हं."

एकदा तिला शाळेत उशीर होणार होता आणि मुलगी कॉलेजातून भुकेली येणार होती. मी ओट्यापुढे गेलो. भांड्यात कणीक मळायचं पातं बसवलं. पीठ, पाणी, तेल घातलं. झाकण ठेवून बटण फिरवलं. काहीच झालं नाही. मग झाकण दाबून फिरवलं, ते 'टक' करून खाचेत बसलं, तेव्हा कुठं पातं हललं. मी झाकण जरासं सैल केलं. मशीन जागच्या जागी थांबलं. पुन्हा बसवलं, पुन्हा सैल केलं. कितीतरी वेळ तेच करत राहिलो.

आमच्या प्रेसच्या पुढेही हात आत जाऊ नये म्हणून जाळी होती. काम लवकर उरकावं म्हणून ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. चपातीची कणीक मळणाऱ्या यंत्राला माणसाचा हात कुठं आहे याची काळजी होती. तोवर मला माझ्या हाताची लाजच वाटत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला, कानशिलं तापवणारा. त्याच रागात मी चपात्या लाटल्या. लाटणं तळव्यानं रेटलं. एकही गोल झाली नाही. मुलीनं चार खाल्ल्या.

त्यानंतर स्वयंपाकघर माझं झालं. बोटं नसलेल्या हातानं कांदा सोलता येतो, चिरता येत नाही, तो मशीन चिरतं. पण बटण क्षणभर जास्त चालू राहिलं की कांद्याचं पाणी होतं, हे मी भाज्या बिघडवून शिकलो. गाजर किसायला एक चकती, काकडी कापायला दुसरी. शेंगदाण्याची चटणी मात्र थांबत थांबत फिरवावी लागते, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

निपाणीहून माझी थोरली बहीण, आक्का, आली आणि मला ओट्यापुढे बघून दारातच थांबली.

"आरं, बायको मेल्यागत ह्ये काय करालायस?"

"जेवण करालोय."

"मशिनीच्या कणकंला चव न्हाय. आन् चार लोकांनी बघितलं तर काय म्हणतील?"

"चौघांनाबी जेवायला बोलीव," मी म्हणालो.

ती जेवली, पण माझ्याकडं न बघता.

पुढं मुलीला स्थळ आलं. चिकोडीकडचे लोक, मुलगा इंजिनिअर, आईबाप सधन. मुलीची ना नव्हती. बोलणी करायला ते दुपारच्या जेवणाला यायचे ठरले. आक्का आदल्या दिवशीच येऊन राहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या तू बाहीर बस. हात खिशात ठेव. आतलं आम्ही बघतो."

मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं ते करा. मला विचारत असाल तर मला वांग्याची भाजी तुमच्याच हातची आवडते."

मी सकाळपासून आत होतो. वांग्यांचा मसाला वाटला, कोशिंबिरीची काकडी चकतीवर उतरवली, नारळाचं दूध काढून गव्हाची खीर केली. पाहुणे आले तेव्हा मी हात धुऊन बाहेर गेलो, नमस्कार केला आणि दोन्ही हात दिसतील असे ठेवून बसलो. मग वाढायलाही मीच उठलो.

खीर वाढताना मुलाचे वडील हलक्या आवाजात कानडीत आपल्या बायकोला म्हणाले, स्वयंपाक हाच करतो की काय? मी खिरीचा डाव तसाच धरून कानडीतच उत्तर दिलं, "हौद्री, नानऽ माडतेनि." होय हो, मीच करतो. ते ओशाळून हसले. मुलानं खीर पुन्हा मागून घेतली.

आठवडा गेल्यावर मध्यस्थाचा फोन आला. मुलगी पसंत होती. एकच म्हणणं होतं: लग्न ठरल्यावर वडिलांनी हे चुलीपुढचं बंद करावं, आमच्या पैपाहुण्यांत चर्चा होते. निदान आमचं कोणी घरी आलं तर तेवढ्यापुरतं.

आक्का लगेच म्हणाली, "व्हय म्हण. पोरीचं कल्याण हाय. तेवढ्यानं काय बिघडतंय?"

मुलीच्या आयुष्यापुढं माझा हट्ट कितीसा, असं माझ्याही मनात एकदा येऊन गेलं. तेवढ्यात मुलीनं मुलालाच फोन लावला, आमच्यासमोर, स्पीकरवर.

"तुमच्या घरचे म्हणतात ते तुम्हाला पटतं का?" तिनं विचारलं.

पलीकडून आवाज आला, "मोठ्यांचं आहे, मी काय बोलणार?"

"मग मी बोलते," ती म्हणाली. "माझं नाही म्हणून सांगा."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले. तिला तो आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. मी काहीतरी बोलायला गेलो तर ती फटकन म्हणाली, "पप्पा, तुमच्यासाठी नाही केलं. जो आज गप्प बसला तो उद्या माझ्या वेळेलाही गप्पच बसणार."

आक्का त्याच दुपारच्या गाडीनं निपाणीला गेली. दिवाळीपर्यंत तिनं फोन उचलला नाही. गावात तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण कुणाच्या लग्नात भेटलं की लोक आधी माझा हात बघत आणि मग हसून विचारत, "काय, आज जेवायला काय केलंय?" मी खरंखरं सांगायचो. भाजी कुठली, मसाला कसला, सगळं. एकदोघांनी पुन्हा विचारलं नाही. एकानं चटणी मागितली. दिली.

दिवाळीत आक्का आपणहून आली. मी केलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्या ताटात वाढली. ती सावकाश जेवली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"मीठ तुझ्या म्होरंच हाय. घे की," मी म्हणालो आणि दुसरी भाकरी टाकायला आत गेलो.