उणे चारचा चष्मा

आमच्या आंजी गावातल्या घरामागे सरपणासाठी रचलेली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, गंजी पेटली, तेव्हा माझी दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. आग विझवायला अर्धी गल्ली धावली. मग वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इच्याच चष्म्यानं पेटलं. भिंगानं आग लागते, इच्या पुस्तकातच हाय!"

झालं. वडिलांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. शाळेत फळा नुसता काळा दिसायचा. उजळणी बुडत होती, मी नापास होणार हे घरात सगळ्यांना कळत होतं, तरी कपाटाची किल्ली कोणी काढत नव्हतं.

पुस्तकाची साक्ष काढणाऱ्यानं ते उघडून तरी बघायचं! माझा नंबर उणे चार. ते भिंग मध्ये पातळ, कडेला जाड. ते ऊन फाकवतं. मोठेबाबांचं मोतीबिंदूचं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्या चष्म्याची भिंगं मध्ये टम्म फुगलेली. त्या दुपारी ते चष्मा नेहमीसारखा गंजीतल्या काडीला अडकवून बाजेवर झोपले होते. मी हे सांगितलं, तर मोठ्यांवर आळ घेते म्हणून वडिलांची थप्पड बसली.

रविवारी भर दुपारी मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. आईनं कपाट उघडून दिलं. वाळल्या पाल्यावर मी माझा चष्मा धरला. वर-खाली केला, हात भरून आले, पाला थंडच. पाल्यावर नुसती सावली आणि तिच्याभोवती उजेडाचं कडं. मग मोठेबाबांचा धरला. फार जवळ नेला की उजेड पसरट व्हायचा. अर्ध्या वितीएवढा उंच धरला, तसा तो मुगाएवढा झाला आणि धूर निघाला.

"होते चुकी माणसाच्या हातून," मोठेबाबा म्हणाले आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा चष्मा होता तोवर मी आगलावी. त्यांचा निघाला, तर चूक!

वडिलांनी माझा चष्मा माझ्या हातात दिला. "घे. पण बाहेर कोणाले सांगू नको. दादाची इज्जत जाईन."

थपडेबद्दल एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या सगळ्यांना मी सांगितलं. मोठ्यानं, भिंगाच्या जाडीसकट.