सगळ्यांचा होकार

चारचौघांना विचारल्याशिवाय शिंकसुद्धा न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ते म्हणजे आमचे थोरले मामा. मानवतजवळच्या आमच्या गावातल्या लहानशा लुथरन ख्रिस्ती मंडळीचे ते पुढारी. मी बी.ए. झालो तो त्यांच्यामुळे. पण मला शिकायला पाठवावे का, हेही त्यांनी उपासनेनंतर साऱ्या मंडळीला विचारले होते. मामी वांगी चिरायला घ्यायची, तीही घरातल्या प्रत्येकाचे मत पडल्यावर. एकदा छकड्यातल्या सगळ्यांना "निघायचं का?" विचारता विचारता स्टेशनावरून आमची आगगाडी निघून गेली. मामा खुशीत म्हणाले, "जाऊ द्या. पर कुणी रुसलं तर न्हाई!"

आमचे प्रार्थनामंदिर मामांच्या जागेत होते आणि जागा त्यांच्याच नावावर. मामी वारली होती, मूलबाळ नव्हते, आपल्यामागे ती पुतण्याकडे जाईल ही धास्ती होती. म्हणून मंडळीची सरकारदरबारी नोंद करायला आम्ही परभणीच्या वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मंडळीला नाव पाहिजे, नियम पाहिजेत, बहुमताने निवडलेले विश्वस्त पाहिजेत. मग तुम्ही जागा मंडळीच्या नावे करून द्या. "ज्यादा हात वर आले की काम झालं."

"आन् ज्याचा हात खाली ऱ्हायला, त्यानं प्रभुभोजनाच्या भाकरीला कुठं बसायचं?" मामांनी विचारले.

हात खाली ठेवणारा एकच होता, याकोबबाबा सुतार. त्यांचा राग 'लुथरन' या नावावर. "मानवतच्या बाजारात लोक इचारतेत, हा लुथर कोणत्या गावचा? काय सांगू?" दर रविवारी सभा व्हायची, याकोबबाबा अडून बसायचे. मी चिडून म्हणायचो, "मामा, कायद्याला ते नकोत!" मामा हसायचे. "कायद्याला नगं, बाबा. मला पायजेत ना. पुढल्या रविवारी बघू."

असे कितीतरी रविवार गेले. मग तापाचे निमित्त झाले आणि मामा गेले. माती देऊन आल्यावर आम्ही मंदिरात बसलो. कुणी काही विचारायच्या आधीच याकोबबाबांनी हात वर केला. पाठोपाठ सगळ्यांचे हात वर आले. मी धावत परभणी गाठली. वकीलसाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाले, "आता जागा देणाऱ्याची सही कुठून आणणार?"

पुतण्याने जागा विकली. आता तिथे सरकीची पोती असतात. उपासना याकोबबाबांच्या अंगणात, लिंबाखाली होते. गीत सुरू करण्याआधी ते सगळ्यांकडे बघतात आणि विचारतात, "म्हणायचं का?" शेवटचा माणूस होय म्हणेपर्यंत आम्ही सारे थांबतो.