हरिबा मामा धरून बसतात

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. हरिबा मामा. सांगोल्याकडची माणसं, पाऊणशे मेंढरं, आणि बोलणं इतकं कमी की आमच्या लग्नाच्या बोलणीत ते फक्त चहात साखर जास्त झाली एवढंच बोलले होते. मला आई नाही, म्हणून बाळंतपणाला मामा आणि केराबाई आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले. सोफा होता, पण मामा कधी त्यावर बसले नाहीत. फरशीवर घोंगडं अंथरून दिवसभर बाल्कनीतून रस्ता बघायचे. मेंढरं धाकट्या भावावर टाकून आले होते, जीव सगळा तिकडं.

आरोही झाली आणि माझं काय बिनसलं, मला आजही धड सांगता येत नाही. ती रडायची आणि मला वाटायचं शेजारच्यांचं लेकरू रडतंय. दूध यायचं, माया येत नव्हती. आंघोळीला उठायचं जिवावर यायचं. रडू येईल म्हटलं तर तेही नाही. आत्या म्हणायच्या नजर लागलीय. रोज मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या. माझा नवरा बिरुदेव मोबाइलवर वाचून व्हिटॅमिन कमी पडलंय म्हणायचा. मला वाटायचं, मी मुळातच वाईट बाई आहे आणि आत्ता उघडी पडलेय. यातलं खरं काय, कुणाला विचारायचं?

दीड महिन्यानं मामांनी तोंड उघडलं, ते असं. स्वयंपाकघरात आत्यांना म्हणाले, "तिला बाजूला काडा." मी ऐकलं. त्याच दिवशी मला मागची खोली मिळाली. जेवणाचं ताट दारात. आरोही आत्यांकडं, जास्त करून वरच्या दुधावर. कुणी काम सांगेना, कुणी बोलेना. दहा दिवस! माझं डोकं असं फिरलं म्हणता. मला काय लागायचा रोग झालाय का? आणि खरं सांगू, त्यातच सुटल्यासारखंही वाटायचं, मग त्याची लाज वाटायची. तेवढ्यात कानावर आलं की दिवाळी झाली की मेंढरं लांब चरायला निघतात, तेव्हा मामा परत जाणार आणि आत्या आरोहीला गावी घेऊन जाणार. नेऊ नका म्हणावं की न्या म्हणावं, मला ठरवता येईना. मी गप्प बसले. पोटच्या पोरीबद्दल कुणी गप्प बसतं का?

शेवटी बिरुदेव मला मनाच्या आजारांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मामाही रिक्षात येऊन बसले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर शरीरातले हार्मोन एकदम उतरतात, झोप मोडते. कुणाला नेमकं कशानं होतं ते सांगता येत नाही, पण हा आजार आहे आणि बऱ्याच बायकांना होतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. मला हायसं वाटलं आणि चीडही आली. माया गोळीनं येणार असेल तर ती माझी कशी? हे मी विचारलं नाही. मग बिरुदेवनं मागच्या खोलीचं सांगितलं, तेव्हा बाईंनी ती वेगळी खोली कुणी दिली ते विचारलं. मामा उठून उभे राहिले.

"म्या. दुखणाईत मेंढरू कळपात ठेवलं की बाकीची ढुशा देत्यात. बाजूला काडलं की इसावा मिळतो."

मी ज्याला हाकलणं समजत होते ती यांची काळजी होती होय! बाई म्हणाल्या, या आजारात एकटं ठेवलं तर दुखणं वाढतं. मामांनी मान खाली घातली ती घर येईपर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घोंगडं घेऊन माझ्या खोलीत आले. आरोहीला माझ्या शेजारी ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. पाजायच्या वेळी आत्यांना बसवून बाहेर जायचे, मग पुन्हा हजर.

"पयलारू मेंढी, पयल्यांदाच व्यालेली, कदीकदी कोकरू घेत न्हाय," ते म्हणाले. "तिला कुनी मारत न्हाय. कोकरूबी न्हेत न्हाय. दोगांना धरून बसायचं."

"मला मेंढी म्हणताय, मामा?"

"दुसरं काय येतंय मला?"

गोळ्या सुरू होऊन महिना झाला. एखादी सकाळ बरी जायची, पुढच्या तीन नाही. दिवाळी झाली. परवा गावाकडून भावाचा फोन आला. मामा स्पीकरवरच बोलतात, सगळ्या घराला ऐकू येतं. कळप निघायचा खोळंबला होता, दादा कधी येणार? मामांनी जन्मात ही वाट चुकवलेली नाही.

"जावा तुमी," मामा म्हणाले. "हितं एक पयलारू हाय. सोडून येता येत न्हाय."

पुन्हा मेंढीच! मला राग आला, खरंच आला. आणि मग रडू फुटलं, आरोही झाल्यापासूनचं पहिलं. माझ्या आवाजानं तीही रडायला लागली. आत्या तिला घ्यायला उठल्या, तर मामांनी हातानंच त्यांना खाली बसवलं. आता तिला घेणार कोण? सगळे माझ्याकडं बघत होते. मी घेतलं. माया म्हणतात ती हीच का, मला अजून सांगता येत नाही.