बंद करू नका, अपडेट सुरू आहे

आर्णीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन उघडून पुन्हा बसवलं की एखादा स्क्रू हमखास उरतो, आणि टेबलावरच्या डबीत जातो. गिऱ्हाइकाला हे सांगत नाही! किस्स्यांचंही तसंच. लॅपटॉप घरी जातो, किस्सा माझ्याकडे उरतो. त्यातही एखादं मोठं अपडेट येऊन गेलं की पुढे कित्येक दिवस दुकानात दुसरा विषय नसतो.

*

एकदा जवळच्या खेड्यातलं एक जोडपं दुचाकीवर आलं. नवरा गाडी चालवतोय, मागे बायको, तिच्या मांडीवर उघडा लॅपटॉप आणि त्यावर पदराची सावली! पडद्यावर गोल फिरतंय, खाली ओळ : बंद करू नका, अपडेट सुरू आहे.

"वहिनी, झाकण लावून आणाचा ना!"

"असं कसं भाऊ? लिवून हाय ना, बंद करू नका! ह्यायले म्हटलं, गाडी बंद पडली तं पडू द्या, हे नाई पडलं पाह्यजे."

आमचं बोलणं चाललं असतानाच अपडेट पूर्ण झालं. मी हातसुद्धा लावला नव्हता.

"आता झाकू का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं, तेव्हा कुठे ती गाडीवरून उतरली!

तेव्हा खूप हसलो. नंतर वाटलं, पडद्यावरची सूचना वाचून इतकी मनापासून पाळणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी स्वतः तर न वाचताच 'ओके' दाबतो.

*

एकदा दसरा झाल्यावर गणिताचे एक सर आले. भयंकर चिडलेले.

"अपडेट झालं अन् हा लॅपटॉप मले ओळखतच नाई! बोट लावून लावून थकलो."

बोटाचा ठसा घेणारी जागा पाहिली. दसऱ्याला घरातल्या अवजारांबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाली होती, आणि ओलं कुंकू नेमकं तिथेच लागून वाळलं होतं.

"सर, हे पुसाव लागते."

"पूजेचं कुंकू? बायको घरात घेईन का मले?"

मग मी सरांसमोरच आधी झाकणावर नवं कुंकू लावलं आणि नंतर खालचं पुसलं. लॅपटॉपनं सरांना लगेच ओळखलं. अपडेटची बदनामी मात्र तोवर शाळाभर झाली होती.

*

बापूराव हे आमच्याकडचे शेतकरी, कपाशी आणि तुरीचं घर. त्यांच्याकडचा लॅपटॉप मुलाचा. पुण्याला नोकरीला जाताना तो मागे टाकून गेलेला. त्या मुलाच्या बहिणीच्या लग्नात, भर मांडवात बापलेकाचं वाजलं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्या लग्नाचे सगळे फोटो मात्र याच लॅपटॉपमध्ये.

या वेळचं अपडेट फर्मवेअरचं होतं, म्हणजे मशीनच्या अगदी मुळातलं. ते झालं आणि लॅपटॉप सुरू होतानाच एक लांबलचक नंबर मागू लागला. तो नंबर टाकल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. आणि तो मिळतो ज्याच्या खात्यावर मशीन सुरू केलेलं असतं, त्याच्याकडे.

"पोराले फोन कराव लागन, बापू."

"दुसरा उपाय?"

"सारं पुसाव लागन. फोटोसकट."

बापूरावांनी खिशातला फोन काढून माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तू लाव."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. मुलानं नंबर शोधला आणि आकडे सांगू लागला. मी टाइप करायला गेलो, तर बापूरावांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला! एका बोटानं, एकेक आकडा. चुकलं की मुलगा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

मध्येच तिकडून आवाज आला, "बाबा, दिसत नाई का? चष्मा बदलला नाई?"

"नाई बदलला," बापूराव म्हणाले. "पुढचा सांग."

लॅपटॉप उघडला.

पुढच्याच महिन्यात बापूराव परत आले, काखेत तोच लॅपटॉप.

"काहून बापू, चालत नाई का?"

"चालते ना, मस्त चालते." ते बाकावर टेकले. "पण आता नंबर मागत नाई. ते अपडेट पुन्हा एक डाव करून देतं काय?"