मावशींचा कटर

चांगली वस्तू मोडताना मावशींना व्हायचा तसा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. नागपूरच्या आमच्या हँगरमध्ये त्या तपासनीस होत्या. इंजिन विमानाला धरून ठेवणाऱ्या बोल्टांचं आयुष्य ठरलेलं असतं. तेवढी उड्डाणं झाली की बोल्ट कितीही चकचकीत असो, काढायचा आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून कापून टाकायचा. हे कापणं मावशी दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"काय सुंदर दिसतोय अजून," असं कुणी हळहळलं की म्हणायच्या, "चांगला आहे तोवरच काढाचा गा. बिघडल्यावर काढाले तू वर जाशील का?"

घरी मात्र उलटा कारभार. कुकरचं हँडल तारेनं बांधलेलं, आणि स्कूटर धरमपेठेतल्या चौकात हमखास बंद पडायची. मी चिडवलं तर म्हणाल्या, "स्कूटर बाजूले लावता येते. विमान कुठं लावतं?"

एकदा असाच एक बोल्ट काढून ठेवला होता आणि नवा वाटेतच अडकला होता. विमान संध्याकाळी निघायचं होतं, आणि ते उडायला ठीक आहे अशी सही माझी, नव्या इंजिनिअरची, लागणार होती. जुन्या बोल्टचं जाण्यापुरतं आयुष्य उरलं होतं, येण्यापुरतं नव्हतं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एका परतीचा तर प्रश्न आहे. बसव तोच." माझी नोकरी कायम होणं त्यांच्याच हातात होतं. मला हो म्हणवेना आणि नाही म्हणायचा धीर होईना.

मावशींनी बोल्ट उचलला आणि कटरवर धरला. ठिणग्या उडाल्या. दोन तुकडे साहेबांपुढे ठेवून म्हणाल्या, "आता या पोराले काहून विचारून राहिले, साहेब? बसवाले बोल्टच नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच स्टुलावर बसलो. विमान दुसऱ्या दिवशी नव्या बोल्टवर गेलं. साहेब बरेच दिवस मावशींवर फुगून होते, मला मात्र त्यांनी कायम केलं.

मावशी निवृत्त झाल्या त्या निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, "चांगल्या आहात तोवरच काढलं तुम्हाला, मावशी." त्या उसळल्या, "मी काय बोल्ट आहो का गा? मले तं अजून राहाचं होतं!" आणि रडायलाच लागल्या. मग आम्हीही रडलो.

आता त्या आपल्या गावी, खाप्याला असतात आणि त्यांच्या जागी मी आहे. परवा नवे साहेब आमच्या एका इंजिनिअर मुलीला म्हणत होते, "एकाच फेरीचा तर प्रश्न आहे." तिची मान खाली गेली. मी बोल्ट उचलला आणि कटर सुरू केला.