दिवे लागल्यावर मीठ

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय. गडचिरोली जिल्ह्यात आहे, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे, आणि तिथली माणसं तळ्यात मासे धरतात, धान पिकवतात, एवढं पुरे.

मी तिथे गेले होते प्रश्न विचारायला. घरातली मारहाण आणि मुलांवरचे अत्याचार कसे रोखता येतील, यावर एक अभ्यास चालू होता. गावोगाव फिरून बायकांकडून प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या आम्ही चौघी होतो, आणि हे गाव माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं. समाजकार्याची पदवी नवी होती. गडचांदूरला सिमेंटच्या धुळीत वाढलेल्या मला ठाम वाटायचं, की आपल्याला माणसं कळतात. माझी आई म्हणायची, हिला ऐकायला दोन कान आहेत हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

प्रशिक्षणात दोन गोष्टी आमच्या डोक्यात ठोकून बसवल्या होत्या. एक, बाईशी एकटीशीच बोलायचं, आणि मध्येच कोणी आलं तर मारहाणीचे प्रश्न तिथेच सोडून जेवणखाणाचे प्रश्न सुरू करायचे. दुसरी, नवऱ्याच्या हाती लागून घात होईल असा कागद घरात ठेवून यायचा नाही. त्यासाठी आम्हाला छोटी कार्डं दिली होती. वरून पाहिलं तर लसीकरण, दवाखाना, रेशन यांचे नंबर, आणि त्यांच्यातच मदतीचे नंबर मिसळलेले. ज्या कोणी ते कार्ड केलं त्यांनी डोकं वापरलं होतं. मी वापरलं नाही, ते पुढे येईलच.

मी अंगणवाडीच्या बाईंकडे उतरले होते. पन्नाशीच्या, ठसठशीत, बोलायला मोकळ्या. त्यांच्या शेजारच्या घरात एक सासू, तिचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात राहायची. माझ्या यादीत त्या सुनेचं नाव होतं, पण सासू काही जागची हलेना. पहिले दोन दिवस मी तिच्यासमोर जेवणखाणाचे प्रश्न विचारत बसले. प्रश्न सुनेला, उत्तरं सासूची. आठवड्यातून मासे किती वेळा, भाजी कोणती, वरणात तेल किती. त्या घरच्या स्वयंपाकाची मला इतकी माहिती झाली की मी तिथे चुलीपाशी नोकरीला लागू शकले असते. मनातल्या मनात मी म्हातारीला जी नावं ठेवली ती इथे लिहिण्याजोगी नाहीत.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सून घरामागच्या सांदवाडीत कुंपणावरच्या वालाच्या शेंगा तोडत होती. सासू पुढच्या अंगणात धान वाळवत होती. मी मागच्या वाटेने गेले आणि शेंगा तोडता तोडता नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न विचारले.

"मारते," ती म्हणाली. "मारतेच ना." शेंगांची गोष्ट सांगावी तशा आवाजात.

तिचा नवरा दारू पीत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं दारूवर ढकलून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. तो मासेमारी सोसायटीत चांगला कामाचा माणूस होता, चारचौघांत हसून बोलायचा, मला 'म्याडम, चहा घ्या' म्हणायचा.

मुलीबद्दल विचारलं तेव्हा मात्र तिचे हात थांबले. "पोट्टी मधात येते ना. त्यानं हात उचलला का थे माह्यासमोर येऊन उभी राह्यते. मागच्या साली तिचा हात मोडला. शाळेत सांगतलं, झाडावरून पडली."

पुढचा प्रश्न होता, अशा वेळी तुम्ही मदत कोणाकडे मागितली? माहेर, शेजारी, आशाताई, पोलीस पाटील, पोलीस ठाणे, कोणीही नाही. ती म्हणाली, "कोनालेच नाई." त्या गावातल्या एकूण एक बाईने हेच उत्तर दिलं होतं. मी खुणा करत चालले होते आणि अहवालातलं वाक्य डोक्यात तयार होत होतं, की इथल्या स्त्रिया मदत मागत नाहीत.

मुलीच्या हाताचं ऐकून मी गप्प बसणं शक्य नव्हतं, नियमही तसाच होता. पाळीवर जिथे फोनला रेंज येते तिथे जाऊन मी आमच्या वरिष्ठांना कळवलं. तालुक्याहून बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्या बाई सोमवारी येतील असं ठरलं. इथवर सगळं बरोबर केलं. मग घोळ घातला. छोटी कार्डं संपली होती. पिशवीत मोठं रंगीत पत्रक होतं, वर उगारलेली मूठ, खाली लाल अक्षरात 'मार सहन करू नका'. ते भिंतीवर लावायचं पत्रक होतं. मी ते चार घड्या घालून सुनेच्या हातात दिलं. सोमवारपर्यंत तिला धीर राहील, एवढंच मनात होतं. तिला ते नको होतं, हे आज डोळे मिटले तरी दिसतं. पण शहरातून आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने घेतलं आणि घरात जाऊन तांदळाच्या डब्याखाली सरकवलं.

शनिवारी दिवे लागले आणि थोड्याच वेळात शेजारची सासू आमच्या दारात उभी राहिली. धापा टाकत होती.

"चाल वं बाई. त्याच्या हाती कागद लागला. पोट्टी मधात उभी हाये."

कागद माझा होता. मी पळत सुटणार तेवढ्यात अंगणवाडीच्या बाईंनी माझं मनगट धरलं. त्या शांतपणे फडताळापाशी गेल्या, दोन रिकाम्या वाट्या काढल्या आणि एक माझ्या हातात कोंबली. "तुमी तिथी कायदा सांगू नोका. मीठ मागा."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. तोवर म्हातारी पुढच्या घरी पोचली होती, तिथून त्याच्या पुढच्या.

शेजारच्या अंगणात गेलो तर तो पत्रक हातात घेऊन उभा, "कोनं देल्लं हे? काय सांगतलं त्याइले?" असं ओरडत होता. सून भिंतीला टेकलेली. आणि दोघांच्या मध्ये ती मुलगी, हात दोन्ही बाजूंना पसरून. उजवा हात कोपरापाशी किंचित वाकडा होता. मी जन्मात कोणाच्या धाडसापुढे इतकी लहान झाले नव्हते.

बाई दारातून म्हणाल्या, "काय वं, मीठ हाये का थोडं?"

तो थबकला. सुनेने श्वास घेतला आणि म्हणाली, "दिवे लागले ना, बाई. कसं देऊ?"

"हो वं, खरंच. बसतो मंग," म्हणून बाई अंगणात ऐसपैस बसल्या.

आपल्याकडे दिवे लागल्यावर मीठ देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते म्हणतात. आमच्याही घरी आजी म्हणायची, पण आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. इथे मात्र एकेक बाई रिकामी वाटी घेऊन येत होती, मीठ मागत होती, मिळत नव्हतं, आणि बसत होती. मिळणार नाही हे ठाऊक असलेली वस्तूच त्या मागत होत्या. मीठ मिळालं असतं तर घेऊन जावं लागलं असतं. दुसरी आली, चौथी आली, एक तर कडेवर तान्हं घेऊन आली. कोणी त्याच्याशी भांडलं नाही. कोणी पत्रकाकडे पाहिलंही नाही. अंगणातली वालाच्या शेंगांची टोपली ओढून त्या शेंगा सोलायला लागल्या आणि कोणाची कोंबडी कोणाच्या घरी अंडी घालते यावर वाद सुरू झाला.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझी पाळी होती. दोनशे प्रश्नांची प्रश्नावली मी घडाघडा म्हणत असे, पण तो एक प्रश्न तोंडातून निघेना. तो माझ्याकडेच रोखून पाहत होता. कागद कोणाचा, हे त्याला कळून चुकलं होतं.

"थोडं मीठ... मिळेल का?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा घात केला होता. ती म्हणाली, "तुमाले बी नाई भेटनार, म्याडम. बसा."

मी बसले. बसताना डोळे भरून आले, ते कोणी पाहू नये म्हणून शेंगा पुढ्यात घेतल्या.

शेवटी तो कडाडला, "देऊन टाक ना मीठ! निघा साऱ्या!" तेव्हा त्याची आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "तू दे. आपल्या हातानं दे. बरणी थे राह्यली."

तो बरणीपर्यंत गेला. हात पुढे केला, आणि मागे घेतला. बायकोवर हात उचलताना त्याला कधी भीती वाटली नव्हती, मिठाला हात लावताना वाटली. नऊ बायकांच्या सोलणाऱ्या बोटांकडे बघितलं. मग पत्रक खाली टाकून चपला सरकवून सोसायटीच्या शेडकडे निघून गेला. तान्हं घेऊन आलेल्या बाईने पत्रक उचललं, नीट पसरलं आणि त्यावर शेंगांची टरफलं गोळा केली. मुलगी तोवर हात पसरूनच उभी होती. अंगणवाडीच्या बाईंनी तिला ओढून मांडीवर घेतलं तेव्हा कुठे तिचे हात खाली आले.

मी थक्क झाले होते. या विषयावरचं पुष्कळ काही मी वाचलं होतं. शेजाऱ्यांनी हस्तक्षेप कसा करावा यावर पानंच्या पानं पाठ होती. आणि इथे ज्यांना आम्ही 'माहितीचा अभाव' या रकान्यात टाकलं होतं, त्या बायकांनी एकही उंच शब्द न काढता एक उचललेला हात खाली आणला होता. 'कोणीही नाही' हे त्यांचं उत्तर खोटंही नव्हतं. मदत मागायला त्या कुठे जातच नव्हत्या. मदतच वाटी घेऊन त्यांच्या दारात येत होती, आणि माझ्या प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती.

परतताना मी बाईंना विचारलं, पुरुषांना हे कळत नाही का?

"कळते ना बापा! न कळाले काय झालं? पन मीठ मागाले आलेल्या बाईले कोनत्या तोंडानं हाकलन?" मग त्या गंभीर झाल्या. "पन एक सांगतो म्याडम. यानं आजचा मार टळते. उद्याचा नाई टळत."

चंद्रपूरला मी तेव्हा राहायचे, त्या इमारतीत कोणी असं मीठ मागायला गेलं, तर काय होईल, हे मी त्या संध्याकाळी मनात खेळवून पाहिलं. समोरचा माणूस किलोची पिशवी हातात देईल, 'राहू द्या, परत नको' म्हणेल, आणि दार लावून घेईल. मला त्या विचाराने संताप आला, आणि संताप माझ्यावरही होता. समोरच्या घरातून आवाज आले की आमच्याकडे टीव्ही मोठा व्हायचा.

सोमवारी काय झालं ते आधी सांगून टाकते. तालुक्याच्या बाई आल्या, रीतसर चौकशी झाली, आणि सून मुलीला घेऊन आपल्या भावाच्या गावी गेली. मुलगी आज तिथल्याच शाळेत आहे. हे सुनेच्या तक्रारीवरून झालं नाही. माझ्या फोनने तर फक्त गाडी आली. खरं ते रविवारी झालं.

रविवारी सकाळी मी तळ्यावर गेले. म्हातारी घाटावर झिंगे साफ करत बसली होती. मी माफी मागितली, कागदाबद्दल, आणि मनात ठेवलेल्या नावांबद्दलही, पण ती नावं न सांगता. मग विचारलं, "आजी, हे मीठ मागायचं कोणी सुरू केलं?"

"मीनंच," ती म्हणाली, मान वर न करता. "माह्या टाइमले कोनी आलं नाई. मी बम मार खाल्ला. एक दिवस पाठ सुजून पडली होती, तं शेजारच्या घरून बाईच्या रडन्याचा आवाज आला. म्हटलं, आपल्या घरी कोनी आलं नाई, पन आपून तं जाऊ शकतो. खाली हातानं कसं जाव, म्हून वाटी घेतली. दारात गेली तं काय मागाव सुचेना. तोंडातून मीठ निंगालं."

किती घरांत गेलात, मी विचारलं.

"याद नाई. माह्या लेकाच्या घरी साऱ्याइले बलवाव लागन, असं नोतं वाटलं."

झिंगे साफ करणं चालूच होतं. मग तिनेच विचारलं, "उद्या थ्या म्याडम येतीन, तं कागद लिवा लागन ना? तक्रारीचा?"

मी म्हटलं, हो, कोणीतरी सांगावं लागेल. मुलीची आई सांगेल.

"सुनेचं नाव नोका घालू. तिले थो सोडनार नाई. पोट्टीचं बी नोका घालू, बापावर बोलली म्हून जनमभर मनात राह्यते." तिने पाण्यात हात धुतले, पदराला कोरडे केले, आणि अंगठा माझ्यापुढे धरला. "माहा घ्या. मी त्याची माय हावो."